एकाच बियेच्या दोन पाकळ्या

रविवारी दुपारी कोरगावला आमच्या घरी मला एकामागून एक दोन धक्के बसले. आज बुधवार... अजून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

मी पुण्यात दीर्घिकांच्या समूहांवर पीएचडी करते. शेकडो दीर्घिकांचा असा समूह इतका वजनदार असतो की मागून येणारा प्रकाश त्याच्याजवळून जाताना वाकतो. मग मागची दीर्घिका आपल्याला ताणून कमानीसारखी दिसते... आणि कधी कधी एकच दीर्घिका दोन-तीन ठिकाणी दिसते!

या प्रतिमांच्या जोड्या बरोबर लावल्या, तर समूहातलं न दिसणारं वस्तुमान कुठे किती आहे ते काढता येतं. जोडी चुकली की सगळं मुसळ केरात. आठ महिने माझं मॉडेल, म्हणजे त्या वस्तुमानाचं गणित, काही केल्या बसत नव्हतं. शेवटी सर म्हणाले, सोमवारपर्यंत चूक सापडली नाही तर हा समूह सोडून दे. म्हणजे अर्धा थिसिस पाण्यात...

त्या टेन्शनमध्ये घरी येऊन मी सगळ्यांवर खेकसत होते. आईवर जरा जास्तच.

आई काजूच्या कारखान्यात काजूगर निवडते, अख्खे वेगळे, फुटलेल्या पाकळ्या वेगळ्या. जेवायला चल म्हणून तिसऱ्यांदा सांगायला आली आणि माझ्या मागेच उभी राहिली. लॅपटॉपवर तो समूह मोठा करून ठेवला होता, प्रत्येक जोडीभोवती वेगळ्या रंगाचे गोल.

तिने वाकून दोन कमानींवर बोट ठेवलं. "ह्यो दोन पाकळ्यो एकाच बियेच्यो गो. वेगळ्यो कित्याक घातल्यो?"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, रागही आला. म्हटलं, आई, हे काजू नव्हेत.

"काजू न्हय तें मकाय कळता," ती फणकारली. आणि दाखवायलाच लागली... एका कमानीचं जाड टोक वर, त्याखाली दोन ठिपके, मग बारीक शेपूट. दुसरीचंही तेच, फक्त आरशात बघितल्यासारखं उलटं. बी मधोमध फुटली की पाकळ्या अशाच होतात म्हणे, एक डावी, एक उजवी. आणि मी जिच्याशी जोडी लावली होती ती तिसरी कमान? ती दुसऱ्याच बियेची!

तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी जोडी बदलली. मॉडेल चालू करून तणतणत जेवायला गेले.

हात धुऊन परत आले आणि स्क्रीनकडे बघितलं. देवाशपथ... मॉडेल बसलं होतं! घाईघाईने दोन्ही कमानींच्या प्रकाशाचे रंग तपासले, तेही तंतोतंत जुळले.

लाज याची वाटते की अशा प्रतिमा आरशातल्यासारख्या उलट्या असतात, हे मी स्वतः ज्युनिअर मुलांना शिकवते. शिकवते, पण मला दिसलं नाही.

सरांना फोन केला. कोणाच्या लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईच्या. दोन्ही कमानींच्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम मिळेपर्यंत शंभर टक्के खात्री देता येणार नाही, पण समूह वाचला. थिसिस वाचला.

मी धावत स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. आणि लाडात येऊन म्हटलं, इतकी वर्षं मी काय करते ते तू कधी विचारलंच नाहीस!

ती ताटं विसळत होती. मागे न बघता म्हणाली, "आनी तुवें मका केन्ना विचारलें, हांव थंय दीसभर कितें करतां तें?"

रागाने नाही हं. सहज. ती दिवसभर तिथे काय करते, ते मी कधीच विचारलं नव्हतं... अठ्ठावीस वर्षांची घोडी मी, तिच्या त्या कामावर शिकले. फॉर्मवर आईचा व्यवसाय 'कामगार' लिहून मोकळी व्हायचे.

मॉडेल बसल्याचा धक्का त्याच संध्याकाळी ओसरला. आईच्या प्रश्नाचा काही ओसरत नाही.

काल पुण्याहून फोन करून तिला विचारलं, सकाळी गेल्यापासून काय काय करतेस ते सगळं सांग. आई पाऊण तास बोलली... ती एवढं बोलते, हे मला माहीतच नव्हतं.