तिसरं बोट

माझी मुलगी मुक्ता प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिला चाळिशीपुढच्या बायकांचं हिमोग्लोबिन मोजायचं होतं. बिल्डिंगमधल्या बायकांची यादी मीच करून दिली, वेळाही ठरवून दिल्या. माझं नाव शेवटी होतं.

बोट टोचून नळीत घेतलेल्या रक्तात ती थेंब थेंब पाणी मिसळते. गडद रंग फिका होत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळला की थांबायचं. पाणी जितकं जास्त लागेल, तितकं रक्त चांगलं. समोरच्या सुलभाताईंच्या वेळी ती कितीतरी वेळ थेंब सोडत होती. माझ्या वेळी मात्र तिचा हात लगेच थांबला.

“आई, परत टोचू? माझंच काहीतरी चुकलंय.”

“चुकलंच असेल. साधा चहा तरी जमतो का तुला?”

ती हसली नाही. दुसऱ्या बोटाचं रक्तही तेवढ्याच पाण्यात फिकं झालं. ती नळी खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिली.

घरातलं काय संपत आलंय ते मला न बघता सांगता येतं. जिन्यात दम लागायचा, तेव्हा मात्र मी भाजीच्या पिशवीला नावं ठेवत होते. आपल्याच आतलं काही इतकं कमी होत जातं आणि आपण रोज कामाला लागतो, याची आता भीती वाटते.

“आई, उद्याच डॉक्टरांकडे जायचं.”

“जाऊ. आधी अजून एकदा बघ.”

इतकी वर्षं मी तिच्या चुका काढत आले. आज तिची चूक निघावी म्हणून तिसरं बोट पुढे केलं.