नेमका कसला त्रास?

टाक दौतीत बुडवायचा, निबावरचा जादा थेंब काठाला पुसायचा आणि कागदावर न टेकवता तसाच हवेत धरून विचारायचं, "त्रास आहे, कबूल. पण नेमका कसला?" समोरचा माणूस गोंधळायचा. तोवर शाई वाळायची. काका पुन्हा टाक बुडवायचे.

कर्जतच्या कचेरीसमोर चिंचेखाली गोणपाटावर बसून ते लोकांचे अर्ज लिहीत. मराठी अर्ज मामलेदाराला, इंग्रजी अर्ज वरच्या साहेबाला. घाटावरून आलेले, एकटे. आम्ही त्यांना अर्जवाले काका म्हणायचो. असा माणूस तुमच्याही कचेरीसमोर बसलेला तुम्ही पाहिला असेल. बहुतेक जण झरझर लिहून मोकळे होतात. काका तसे नव्हते.

त्यांच्याजवळ पुठ्ठा गेलेली इंग्रजी डिक्शनरी होती, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. तिच्यातलं 'ट्रबल' शब्दाचं पान बोटं लागून काळं झालं होतं. "साहेबाकडे हा एकच शब्द आहे असं समजू नका," ते म्हणायचे. "खाली बघा, केवढा गोतावळा आहे त्याचा." त्या गोतावळ्यातल्या एकेकासमोर त्यांनी पेन्सिलीने मराठी शब्द लिहिले होते. ते अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या माणसांच्या तोंडून उचललेले.

एकदा एका शेतकऱ्याचा बैल कोंडवाड्यात अडकला.

"काका, लई तरास हाय. लिवा."

"तुला का बैलाला?"

"दोगान्ला."

"सारखाच?"

"तो उपाशी हाय. मी चार दिस खेपा घालतोय."

"मग बैलाचे हाल आणि तुझी दगदग. दोन वेगळे शब्द लागतील."

"लागूं द्या. पन बैल आज सुटूं द्या!"

बाजूचे हसले. काकाही हसले, पण शब्द सापडेपर्यंत टाक टेकवला नाही. बैल दुसऱ्या दिवशी सुटला.

शेजाऱ्याच्या सांडपाण्याची ती कटकट. सासरी गेलेल्या मुलीचा निरोप येत नाही, तो घोर. कशेळ्याकडच्या ठाकरवाडीतल्या म्हाताऱ्याचा कोयता जंगलखात्याच्या शिपायाने काढून घेतला आणि वर कोंबडी मागितली, तो जाच. त्या जाचाला इंग्रजी शब्द मिळेपर्यंत अख्खी सकाळ गेली. म्हातारा शेजारी बसून विड्या ओढत राहिला. त्याला घाई नव्हती.

मला घाई होती. लढाईची वर्षं होती, धान्य मोजून मिळायचं. माझा नवरा हिवतापाने गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मुलगी दीड वर्षाची. आमचं गाव कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर. दिराने सरळ सांगितलं, "शिमगा झाला का तू माह्येरी जा. पोरगी हितंच ऱ्हाईल. आमच्या भावाची हाय ती." माझ्या माहेरी तरी कोण वाट बघत होतं? तेवढ्यात कळलं की कर्जतच्या दवाखान्यात आया पाहिजे आणि मागे एक खोलीही मिळते. ती जागा मिळाली तर मुलगी माझ्याजवळ राहणार होती. नाही मिळाली तर नाही.

मी काकांकडे गेले. सगळं सांगितलं. मला रडता येत नाही, त्यामुळे ते लवकर सांगून झालं. त्यांनी डिक्शनरी उघडली आणि त्या दिवशी त्यांना शब्दांची भूल पडली. अडचण नको, हाल नको, संकटही पुरत नाही, असं करत ते पानाच्या तळाशी गेले आणि आभाळ कोसळल्याचा शब्द घेऊन वर आले. इंग्रजीत लिहिलेला अर्ज मराठीत करून वाचून दाखवला. ऐकून मलाच त्या बाईची दया आली.

"यवढं झालंय माझ्यावर?" मी विचारलं.

"झालंय, मुली. तुला कळलेलं नाही एवढंच."

चार दिवसांनी दवाखान्यात गेले. कंपाउंडरने अर्ज परत हातात दिला. "डॉक्टर म्हणतात, हिच्यावर एवढी आपत्ती, ही रोग्यांना काय सांभाळणार? हिलाच एक खाट द्यावी लागेल."

मी तशीच चिंचेखाली गेले. चार माणसं बसली होती, तरी बोलले. "काका, तुमच्या शब्दांनी माझं काम घालीवलं."

त्यांनी अर्ज घेतला, वाचला, घडी घातली.

दुसऱ्या दिवशी उन्हातून चालत ते आमच्या गावी आले. ते आपली जागा सोडून कुठे गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. ओटीवर बसले, पाणी प्याले, आणि बसूनच राहिले. सासू तापाने पडली होती. मी तिला उचललं, पुसलं, लुगडं बदललं, घाण काढली, पाणी उकळून ठेवलं. मुलगी पाठीला बांधलेली. दीर बाहेरून आला.

"ह्यो म्हातारा कोन?"

"अर्जवाले काका."

"अजून अर्ज? परवाचं रडगानं पुरलं नाय वाटतं!"

"त्यातली चूक माझी होती," काका म्हणाले. "दुरुस्त करायला आलोय." दीर गोठ्याकडे गेला.

मग काकांनी तिथेच मांडीवर कागद घेतला. डिक्शनरी आणलीच नव्हती. टाक एकदाही हवेत थांबला नाही; लिहिलेलं मला मराठीत सांगत गेले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ही एकटी उचलते. पाणी उकळून देते. घाणीला नाक मुरडत नाही. चौथी पास आहे, औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचते. रडत नाही. एवढंच.

"नवरा गेल्याचं लिवलं नाय?"

"विचारलं तर सांग. पण तू कामाला चाललीस."

जाताना त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. परसातली दोन वांगी दिली. त्यांनी ती खिशात घालून पाहिली, मावेनात, मग हातात धरून गेले.

डॉक्टरांनी महिनाभर बघू म्हणून ठेवून घेतलं. शिमग्याला मी मुलीला कडेवर घेऊन मागच्या खोलीत आले. दीर दवाखान्याच्या दारापर्यंत आला, आत आला नाही. पुढे तीस वर्षं मी तिथे काम केलं. मुलगी त्याच खोलीत शिकली आणि तिथूनच सासरी गेली. काकांनी दुसरे कोणाचे किती अर्ज सुधारले मला माहीत नाही. माझा सुधारला. चूक झाली म्हणून दुसऱ्याच्या दारी उन्हातून चालत आलेला माणूस त्यानंतर मला भेटला नाही.

आभार मी कधी मानले नाहीत. आमच्यात तोंडाने आभार मानायची पद्धत नव्हती. सणाला भाकरी-कालवण नेऊन द्यायचे, ते मुकाट्याने खायचे.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांना दवाखान्यात आणलं. पाय सुजलेले, दम लागत होता. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" काका विचार करू लागले. ते इतका वेळ विचार करत राहिले की डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

नऊ दिवस ते माझ्या हाताखाली होते. मी उचलायचे, पुसायचे, चमच्याने पेज भरवायचे. त्यांना लाज वाटायची, तोंड भिंतीकडे करायचे. मी म्हटलं, "काका, ह्ये माझं काम हाय. तुमीच तर लिवलंय." तेव्हापासून तोंड फिरवलं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी ते गेले. मी डोळे मिटवले, न्यायला माणसं आली, खाट धुतली. पाऊस होता, चादर वाळायला वेळ लागला. दारात एक बाई तापलेलं पोर घेऊन उभी होती. मी अर्धी ओली चादर निखाऱ्याच्या शेगडीवर धरली, खाटेवर अंथरली आणि तिला म्हटलं, "आन गं, हितं ठेव."