छत्रीवर नेम

टर्नरकाकांचा नेम चुकू लागला, तसा रायफल क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "काका, आता नातवंडं खेळवा!" त्याच्या स्वतःच्या गोळ्या कायम मातीत. रविवारी संघाची निवड होती. काकांनी रायफलची दुर्बीण दोनदा बदलली, वाऱ्याला शिव्या घातल्या, पण चष्म्यावर संशय घेतील तर शपथ!

शेवटी काकूंनीच चष्मेवालीकडे ओढत नेलं. "रायफल धरता तसे बसा," ती म्हणाली. भर दुकानात काकांनी हातातली छत्री रायफलसारखी धरून तिला गाल टेकवला. त्यांची नजर जिथून जात होती तिथे चष्मेवालीने चष्म्याच्या काचेवर ठिपका काढला; तो आला नाकाजवळ, वरच्या कोपऱ्यात.

"नंबर बरोबर आहे, पण मान झुकवून तुम्ही कोपऱ्यातून बघता, तिथून नीट दिसत नाही." तिने नेमबाजीसाठी वेगळा चष्मा केला आणि भिंगाचा मध्य त्या ठिपक्यावर आणला.

रविवारी दहातल्या नऊ गोळ्या मधोमध लागल्या. काकांची निवड झाली. सेक्रेटरी हळूच म्हणाला, "काका, चष्मेवालीचा पत्ता?"

"कशाला? नातवंडं काय, जवळूनही दिसतात."