नलिनीने न शिकवलेली साक्ष

नलिनी मांद्रेकर १९६० साली गोव्याहून आली तेव्हा गोवा पोर्तुगीजांचा होता. म्हणजे परदेशातूनच आली म्हणायची. दहिसरला आमची मागची खोली तिने भाड्याने घेतली. नाटकात काम करणारी बाई म्हणून माझ्या आईने चार दिवस तोंड वाकडं केलं. मी व्हायोलेट, बोरिवलीच्या दवाखान्यात नर्स. आमची गट्टी त्याच आठवड्यात जमली.

त्रेसष्टच्या गणपतीत जवळच्या दगडखाणीवर तिचं नाटक होतं. क्षयाने मरणाऱ्या बायकोचं काम. ती स्टेजवर खोकायची आणि समोरचे कामगार तिच्याहून जोरात खोकायचे. घरी आली ती भडकून. "एक वाक्य ऐकू दिलं नाही गं मेल्यांनी." दुसऱ्या दिवशी मी तिला खाणीवर नेलं. तिशीतली माणसं धापा टाकत दगडांवर बसली होती. त्या वर्षी नाटक सुटलं. मग मॅट्रिक, बी.ए., वकिली, शिकवण्या करून आठ वर्षं. वेडीच होती, दुसरं काय?

चौऱ्याहत्तरला नलिनीने काशीरामची भरपाईची केस उभी केली. सोळा वर्षं खडी फोडलेला माणूस. मालकाचा डॉक्टर म्हणे, हा जुना क्षय. आमचं म्हणणं, दगडाची धूळ छातीत बसली. एका एक्स-रेवर दोन डॉक्टरांची दोन मतं. कोर्टाने धूळ मानली असती तर बाकीच्या चाळीस जणांनाही दाद मागता आली असती. सगळं काशीरामच्या साक्षीवर येऊन ठेपलं.

"त्याला जरा शिकव ना," मी म्हटलं.

"नाही. समोरचा वकील मला नाटकवाली म्हणतोच आहे. उद्या म्हणेल, खोकलाही हिनेच बसवला."

मला तेव्हा ते पटलं. पटलं याचा राग मला अजून येतो.

काशीराम गुळगुळीत दाढी करून, जावयाचा इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीला उभा राहिला. तो आठलाच कोर्टात आला होता, हे त्याच्या बायकोने, सोनूबाईने, नंतर सांगितलं. जिना पायरी-पायरीवर बसत चढला आणि न्यायाधीश साहेबांपुढे धाप दिसू नये म्हणून तीन तास बाकावर बसून राहिला. खोकला दाबायला तोंडात लवंग.

साहेबांनी सहज विचारलं, "काय, तब्येत कशी आहे?"

"बरी हाय साहेब. तुमच्या कृपेनं."

समोरच्या वकिलाला पुढे काही विचारावंच लागलं नाही. नलिनीने चार तऱ्हांनी विचारून पाहिलं. "चालायचंच, बाई," एवढंच तो म्हणाला. मोठ्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "बाई, नीट बोललो ना?"

"हो. नीट बोललात," नलिनी म्हणाली. तो जिना उतरेपर्यंत ती हसत उभी होती. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. केस गेली. दिवाळीआधी काशीरामही गेला.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही खाणीवर जातो. मी वजनं घेते, छाती तपासते. ती सगळ्यांना समोर बसवून बजावते, "साहेबाने तब्येत विचारली तर खरं सांगायचं. लाजायचं नाही." सगळे माना डोलावतात.

गेल्या रविवारी तिने अठ्ठावीस वर्षांच्या श्यामसुंदरला उठवलं. "सांग बघू, तब्येत कशी आहे?"

तो दगडाला धरून उठला. शर्टाचं वरचं बटण लावलं. धाप ओसरेपर्यंत थांबला.

"बरी हाय, बाई."