वेदवतीबाईंचं अपील

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या आमच्या खासगी हायस्कुलात वेदवतीबाई गणित शिकवायच्या. मी शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकवत असे. दामोदरराव या निवृत्त हेडमास्तरांनी भाड्याच्या घरात शाळा काढली, तेव्हाच्या पहिल्या शिक्षिका या. नेमणूकपत्र वगैरे काही नव्हतं. "सोमवारपासून ये गं," एवढंच ते म्हणाले होते. लष्कर मोहल्ल्यातल्या शिंप्याघरची सून बी.एस्सी. झाली आहे, याचं त्यांना कोण कौतुक! बाई त्यांना मामा म्हणत. पहिल्या वर्षीची बाकं दोघांनी मिळून रंगवली होती. घरी मराठी बोलणाऱ्या बाई वर्गात कन्नडमधून भूमिती अशी शिकवायच्या, की दोन महिन्यांत मुली प्रमेयाला घाबरेनाशा व्हायच्या.

एक्याऐंशीच्या जानेवारीत बन्नूरला त्यांच्या आईला अर्धांगाचा झटका आला. मामांना विचारून त्या गेल्या. एक महिना म्हणता म्हणता दोन झाले. परत येऊन पाहतात तर नववीच्या वर्गात वनजा उभी. वनजा म्हणजे दामोदररावांची भाची, नुकतीच बी.एड. झालेली.

"मामा, माझा वर्ग?"

"तू आता आईकडं बघ. जागा भरलीय."

"पण मी तुम्हाला विचारून गेले होते."

"हो की. म्हणून तर सांगतोय, इकडची काळजी करू नको."

ते रागावून बोलले नव्हते, हेच बाईंना जास्त लागलं.

त्या नवऱ्याच्या, नरसिंगरावांच्या, शिलाईच्या दुकानात बसून काजं करू लागल्या. एकदा कृष्णमूर्ती नावाचे वकील कोट सैल करून घ्यायला आले. त्यांची मुलगी बाईंच्या हाताखाली शिकलेली. "टीचर, आज शाळा नाही?" त्यांनी विचारलं, आणि सगळं ऐकल्यावर ते स्टूल ओढून बसले. म्हणाले, खासगी शाळांसाठी आपल्या सरकारनं कायदा केला आहे. लेखी आरोप दिल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय शिक्षकाला काढता येत नाही. काढलंच तर तीन महिन्यांच्या आत जिल्हा न्यायाधीशांपुढं अपील करता येतं.

"मामांवर केस? बेडा, बेडा! नको," बाई म्हणाल्या.

नरसिंगरावांनी मशीन थांबवलं. "काढताना त्यांनी तुला विचारलं होतं का?"

आठ दिवसांनी बाई माझ्या घरी आल्या. "मी दहा वर्षं सलग शिकवलं, एवढंच लिहून सही द्याल?"

नेमणूकपत्र माझ्याकडंही नव्हतं. "घरी विचारून सांगते," म्हटलं मी. त्या काय ते समजल्या. "सरी, बरं," म्हणाल्या, कॉफी संपवली आणि उठल्या. मग जुन्या विद्यार्थिनींची दारं हिंडून त्यांनी आपल्या सहीची प्रगतिपुस्तकं गोळा केली. शहात्तर जमली.

अपील दीड वर्ष चाललं. शाळेच्या वकिलांनी लिहून दिलं होतं, की बाईंना नोटीस धाडली, पण त्यांनी ती घेतलीच नाही. दामोदररावांची साक्ष होती त्या दिवशी मी रजा टाकून गेले आणि मागच्या बाकावर बसले. न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, "नोटीस दिली होती?"

म्हातारा कठडा धरून उभा होता. वकील डोळ्यांनी खुणावत होते.

"नाही," दामोदरराव म्हणाले. "घरच्या पोरीला नोटीस कसली द्यायची, स्वामी?"

"मग काढलं कसं?"

"तोंडानंच."

केस तिथंच संपली. माझ्या पुढच्या बाकावर बाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. निकाल लागायचा होता अजून.

त्यांना पूर्वीच्या जागी परत घ्या, असा हुकूम झाला. बाई आल्या तेव्हा दामोदरराव फाटकात उभे होते. "या," ते म्हणाले. "नववी तुमचीच आहे." इतक्या वर्षांचं 'तू' गेलं होतं. मधल्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या, "त्यांनी मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या हो."

वनजाला आठवी मिळाली. ती बिचारी बाईंना पाहिलं की भिंतीला चिकटून जायची. एकदा फळ्यावर तिची रचना चुकली, तर बाई शाळा सुटल्यावर तिला घेऊन पायरीवर बसल्या आणि कंपास हातात देऊन पुन्हा काढून घेतली.

पुढच्या जूनमध्ये आम्हा सगळ्यांना नेमणूकपत्रं मिळाली. दामोदररावांनी ती स्वतःच्या हातानं वाटली, आणि आम्ही प्रत्येकीनंच त्यांना कोर्टात खेचल्यासारखा चेहरा होता त्यांचा. माझं देताना हळूच म्हणाले, "हा कायदा मला कुणी आधी नीट सांगितला असता, तर तिला रजा लिहून नसती का दिली?" मला वाटतं, ते खरं बोलत होते. शाळा त्यांनी घरासारखी उभी केली होती आणि घरात कागद लागतो, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

तो कागद घेऊन मी बाईंकडं गेले. "तुम्ही भांडलात म्हणून हा मिळाला. आणि मी तुम्हाला एक सही दिली नाही."

बाईंनी कागद घेऊन शेवटपर्यंत वाचला. "वर्षाला पंधरा दिवस रजा आहे, वाचलंत का? लेखी अर्ज द्यायचा, विसरू नका."

"बाई, मी सहीबद्दल बोलतेय."

"तुमची मुलं लहान होती तेव्हा," त्या म्हणाल्या. घड्याळाकडं पाहून त्यांनी खडूची पेटी उचलली. "मला दहावीचा जादा तास आहे. माझा एक वर्ग सांभाळाल?"

कुठला वर्ग, हेही न विचारता मी निघाले.