सावकाश काकांची निळी गाडी

काकांनी आयुष्यभर ज्यांना गाडीतून नेलं, त्यांच्यापैकी एकानेही कधी तक्रार केली नाही. हा विनोद त्यांचाच आहे. निवृत्त होईपर्यंत ते शववाहिका चालवायचे.

गल्लीत त्यांचं नाव 'सावकाश'. तोंडावर सावकाश काका. ते पहिल्या मजल्यावर राहतात, मी त्यांच्या वर भाड्याने. ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे आहेत, तरी आमची दोस्ती आहे. संध्याकाळी आम्ही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसतो. ते बोलतात, मी ऐकतो.

त्यांच्या कामाची एक रीत होती. मागे ठेवलेल्या फुलांची पाकळी हलता कामा नये. गाडी थांबली हे थांबल्यावरच कळावं. पायी येणारी माणसं मागे पडू नयेत म्हणून पहिला गिअर, फार तर दुसरा. "घाई कुणाला असते?" काका म्हणायचे. "ज्याला नेतोय त्याला नाही. मागून येणाऱ्यांना तर मुळीच नाही."

काकू त्यांच्या गाडीत कधीच बसल्या नव्हत्या. घरची गाडी नव्हती, हे एक कारण. काकू दुसरं सांगायच्या. "तुमच्या गाडीत मी बसणार ती एकदाच. आणि तेव्हा मला कळणारही नाही." एवढं बोलून त्या हसायच्या. काकाही हसायचे, पण जरा उशिरा.

मग ती गाडी आली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर वारले. गाडी सुसाट हाकण्याबद्दल त्यांची ख्याती होती. शेवटच्या प्रवासात त्यांच्या बाई पुढे, काकांच्या शेजारी बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या, "यांना आयुष्यात इतकं हळू कुणी नेलं नव्हतं." काका निवृत्त झाल्यावर त्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"मला वाटलं, पुन्हा कुणाला तरी न्यायचं असेल," काका मला म्हणाले.

बाईंनी गॅरेजचं शटर वर केलं. आत डॉक्टरांची गाडी होती. "मुलांना ती नकोय," त्या म्हणाल्या. "मला ती चांगल्या हातात द्यायची आहे. तुमचे हात मी पाहिलेत."

मी ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. ब्रिटिश बनावटीची, साठच्या दशकातली. फिकट निळी. कापडी छत मागे दुमडता येणारं. चाकांना सायकलसारख्या तारा. इतकी बुटकी, की बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर बोटं रस्त्याला टेकावीत. लांबलचक बॉनेट, आणि माणसांनाही बसायचंय हे मागाहून आठवावं तशा दोन सीट. उभी असतानाही ती निघालेली दिसायची. सौंदर्य या विषयावर मी पानंच्या पानं लिहून परीक्षा दिल्या होत्या. ते एक दिवस आमच्या पाण्याच्या टाकीशेजारी येऊन उभं राहील असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. काकांनी ती माझ्या हातात ठेवली. "तू साहित्य शिकलास ना? मग वाच."

माझ्या पदवीचा हा पहिला उपयोग.

मी वाचायचो, ते करायचे. आधी ऑइलची कांडी काढून बघायची. मग रेडिएटरचं पाणी. बॅटरी सापडेना. ती सीटच्या मागे, झाकणाखाली निघाली. कार्बोरेटर दोन होते. प्रत्येकाच्या डोक्यावरची टोपी फिरवून काढायची आणि आत थोडं पातळ ऑइल घालायचं. काकांनी ते तान्ह्या बाळाला औषध पाजावं तसं घातलं. मग चोक ओढायचा, चावी फिरवायची, आणि इंजिन तापेल तसा चोक हलकेच आत सारायचा.

इंजिन सुरू झालं तेव्हा जिन्याचा कठडा थरथरला. काकूंनी वरून खिडकी उघडली.

"तुम्ही पोचवलेले सगळे उठून येतील," त्या म्हणाल्या.

"येऊन बस तरी. दोनच सीट आहेत. एक माझी. दुसरी कुणाची?"

काकूंनी वाकून ती दुसरी सीट बघितली. मग म्हणाल्या, "जिवंत माणसाला नेतात तशी चालवायला शिका. मग बसते."

खिडकी लागली. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. एरवी काकूंचं बोलणं ते थट्टेवारी नेतात. हे त्यांनी नेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. मी शेजारच्या सीटवर. काका गाडी अशी न्यायचे की मांडीवरच्या पुस्तिकेचं पान उलटत नसे. मागे वाहनांची रांग लागायची. एका ट्रकवाल्याने शेजारून जाताना खाली वाकून विचारलं, "काका, कोण गेलं?" फुटपाथवरच्या एका गृहस्थांनी काकांचा चेहरा ओळखला. ते थांबले आणि त्यांनी मान खाली घातली. काकांनीही सवयीने मान लववली. आम्ही दोघं त्या निळ्या गाडीत, वर उघडं आकाश, आणि गृहस्थ आमच्यासाठी हात जोडून उभे.

चार-सहा दिवसांत गाडी खोकायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवर. शेवटी भर चौकात बंद पडली ती पडलीच. ढकलत ती जवळच्या गॅरेजमध्ये नेली. काकांचा चेहरा उतरला होता. "बाईंनी विश्वासाने दिली," ते वाटेत दोनदा म्हणाले.

गॅरेज चालवणाऱ्या ताईंनी प्लग काढून फडक्यावर ठेवले. सगळे काळेकुट्ट.

"गाडी ठणठणीत आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही चालवता कशी?"

"जपून."

"किती जपून?"

काका प्लगकडे बघू लागले. मी सांगितलं.

ताईंनी हसू दाबलं. "काका, हे इंजिन पळायला केलंय. असं रांगत नेलंत तर पेट्रोल नीट जळत नाही, काजळी धरते. प्लग साफ करून देते. पण इथून थेट मोकळ्या रस्त्याला जा आणि पाय खाली जाऊ द्या."

"त्या बाईंनी माझा हलका हात बघून दिली हो ही."

"हात हलकाच ठेवा. मी पायाचं बोलतेय."

आम्ही शहराबाहेरच्या सरळ रस्त्याला लागलो. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. काकांनी दुसरा गिअर टाकला. बऱ्याच वेळाने तिसरा. मग त्यांचा पाय थबकला.

"मागे कुणी नाहीये ना?"

मी वळून पाहिलं. "नाही."

"पायी येणारं?"

"कुणीच नाही, काका."

मग पाय खाली गेला.

आधी आवाज बदलला. घोगरा खोकला एक-दोनदा अडखळला आणि विरला. त्याच्या तळातून एक भरदार, सलग सूर वर आला. माझी पाठ सीटला चिकटली. रस्ता आमच्याखालून ओढून घेतल्यासारखा मागे जाऊ लागला. कडेची झाडं एकमेकांत मिसळली. आकाश तेवढं जागचं हललं नाही. चौथा गिअर पडल्याचं मला कळलंही नाही. मी काकांकडे पाहिलं. हात तेच होते, शांत, हलके. चेहरा मात्र मी ओळखत नव्हतो.

"हे असं असतं होय," ते म्हणाले.

आम्ही घरी परतलो.

काकू दारातच होत्या. "तुझ्या केसांना काय झालं?"

"चौथा गिअर," मी म्हणालो. मग जमेल तसं सांगितलं. काका चपला काढायला उगाच वेळ लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू डोक्याला रुमाल बांधून खाली आल्या. कुणाशी न बोलता गाडीत बसल्या. बुटक्या सीटमध्ये टेकताना तोल गेला तेव्हा त्यांनी काकांचा खांदा धरला. मी गेट उघडलं.

काकांनी गाडी सोडली. ती पाकळीही हलू नये तशी निघाली. आदल्या दिवशीचा पाय गेला कुठे? शेजारी काकू होत्या, आणि कुणाला जपायचं म्हणजे काय करायचं याची काकांना एकच रीत ठाऊक होती. गाडी रांगत गेटबाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत खोकली. बंद पडली.

काका समोर बघत बसले. कोपरा गेटपासून जवळच, त्यांची मान मला मागून दिसत होती. आता काकू उतरणार, असं मला वाटलं.

"अहो," काकू म्हणाल्या. "इकडे बघा."

त्यांनी बघितलं.

"मी बसलेय इथे. मी. नीट बघून घ्या. आणि मग चला."

काकांनी खरंच नीट बघितलं. चोक थोडा ओढला, चावी फिरवली. गाडी कोपऱ्यावरून वळली. तिच्या आवाजावरून मला कळलं, की वळताना त्यांनी पाय उचललेला नाही.

मी गेटपाशीच थांबलो. ती परतली तेव्हा काकूंचा रुमाल गळ्यात उतरला होता आणि करडे केस उभे राहिले होते. गाडी माझ्यासमोर थांबली. मी दार उघडायला पुढे झालो. काकू उतरल्या नाहीत.

"किती गिअर आहेत हिला?" त्यांनी विचारलं.

"चार," काका म्हणाले.

"तुम्ही तीनच टाकलेत. मी आवाज ऐकत होते." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याच्यासाठी चौथा, आणि माझ्यासाठी तिसरा?"

काका हसले, या खेपेला अजिबात उशीर न करता, आणि गाडी तिथल्या तिथे वळवली.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ऐकत होतो. पहिला. दुसरा. तिसरा, लांबत गेलेला. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग खूप दुरून, मी कधी गेलो नाही अशा कुठल्यातरी रस्त्यावरून, तो भरदार सूर पुन्हा वर आला.