नेट कॅफेच्या खिडकीखालची कढई

भजी तळताना झाऱ्यातून बारीक चुरा निसटतो आणि कढईच्या तळाशी साचत जातो. किस्से तसेच. मुद्दाम कोणी करत नाही, साचतात! मस्तगडला माझा भज्यांचा गाडा होता आणि त्याच्या बरोबर वर संजूच्या नेट कॅफेची खिडकी. माझ्याकडे जरा जास्तच साचले.

त्या वर्षी आमची लेक नंदा जावयांच्या नोकरीपायी मस्कतला होती. पहिलटकरीण. पाचवा महिना लागला तरी तिला अन्नाचा वास सोसत नव्हता. रविवारी कॅफेतल्या कॉम्प्युटरवर तिचा चेहरा दिसायचा, तो दर वेळी जरा लहान झालेला वाटायचा.

"भूकच लागत न्हाई गं आई," एवढंच म्हणायची. मंग घरी आल्यावर बायकोही ताट सारून ठेवायची.

समोरच्या रहीमचाचा शिंप्यांचा मुलगा रियाधला होता. त्याला पहिला ईमेल लिहायचा म्हणून चाचा अंघोळ करून, अत्तर लावून, ईदचा कुर्ता घालून आले. संजू हसायला लागला.

"चाचा, नुसतं लिहायचंय. फोटो न्हाई निघत!"

चाचांनी गळ्याचं बटण लावलं. "मालूम है बेटा. पर लेकाकडं जायचं, तर मळक्या कपड्यानं जाऊ का?"

कुंभार पिंपळगावहून बदलून आलेले एक गुरुजी खोलीवर एकटेच राहत. पिठलं कसं करतात, ते त्यांनी कॉम्प्युटरला विचारलं. पान काही उघडेना. गुरुजी खाली येऊन बाकड्यावर बसले. माझ्याकडे बेसन होतंच. स्टोव्हवर पिठलं घाटलं, भाकरीबरोबर दिलं. गुरुजींनी सावकाश खाल्लं, हात धुतले. तेवढ्यात संजूनं वरून हाक मारली, "गुरुजी, उघडलं!"

गुरुजी वर गेले, सगळं वाचलं आणि खिडकीतून मला म्हणाले, "आप्पा, तुमचं बराबर हाय!"

मंग नंदाची चोरओटी. ही ओटी कोणाला कळू न देता भरायची असते. माझी बायको नारळ, तांदूळ, खण घेऊन भर कॅफेत शिरली आणि आधी सगळ्या गिऱ्हाइकांना भिंतीकडं तोंड करून बसवलं. कॉम्प्युटरला कुंकू लावलं, समोर ओटी ठेवली. अर्धे तांदूळ कीबोर्डात!

संजू भिंतीकडं बघतच म्हणाला, "काकू, आता वळू का? माझंच दुकान हाय!"

नंदा हसली. पण जेवली न्हाईच, असं रात्री जावयांनी फोनवर सांगितलं.

पुढच्या रविवारी बायको कॉम्प्युटरपुढं रडायलाच लागली. खिडकीतून मला म्हणाली, "तुम्ही तरी बोला की वं लेकीशी!"

मी कधी फार बोललो नव्हतो. "बरी हाय का?" म्हणायचो आणि खाली यायचो. संजूनं माईक खिडकीतून खाली सोडला. वायर ताणून ताणून माझ्या हातापर्यंत आली. स्पीकरमधून नंदाचा बारीक आवाज, "आप्पा, बोला ना काहीतरी."

इकडं तेल तापलं होतं.

"थांब बाई," म्हणालो. "घाणा सोडतो."

एका हातानं माईक कढईजवळ धरला, दुसऱ्यानं कांद्याची भजी सोडली. चर्रर्र झालं. मंग मिरच्या सोडल्या. चाचा मशीन थांबवून उभे राहिले. गुरुजी बाकड्यावरून उठून कढईजवळ आले. घाणा तळून निघेस्तोवर स्पीकर गप्प होता. मला वाटलं, नेट गेलं.

"आप्पा..."

"हां, बोल बाई."

"मिरच्यांना चीर देऊन मीठ भरलं का?"

"भरलं की."

मंग तिचा आवाज आला, पण बोलणं माझ्याशी नव्हतं.

"अहो, घरात बेसन हाय का बघा बरं!"